वीस कोसांचा उजेड

माझं सासर अकोल्याच्या खाली, मोर्णेच्या काठी. माहेर अंजनगाव सुर्जीला. गाडीने तीन दिवसांची वाट, मधे पूर्णा ओलांडायची. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती आणि त्या तीन वर्षांत मी एकदाही माहेरी गेले नव्हते.

ती कापसाची वर्षं होती. कुठल्या तरी लांबच्या मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस बाहेर पडेना, म्हणून सगळ्या जगाला आमच्या काळ्या मातीतला कापूस हवा झाला होता. लोकांनी ज्वारी सोडून कापूस पेरला, गायरानं मोडून कापूस पेरला. आमच्या गावावरून गाड्यांची रांग जायची ती उजाडताच सुरू व्हायची आणि दिवस बुडाला तरी संपायची नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाभळींच्या काट्यांत पांढरे पुंजके अडकून राहत. वारा सुटला की ते हळूहळू हलत. भर दुपारी तो रस्ता पाहिला की वाटे, रस्त्याला झोप लागली आहे आणि त्याला काहीतरी पांढरं, मऊ स्वप्न पडतं आहे.

आम्ही माळी. त्या पट्ट्यात विहिरींना खारं पाणी लागतं, पण आमची विहीर नदीला लागून होती आणि तिचं पाणी गोड होतं. तेवढ्यावर आमचा मळा उभा होता. वांगी, मिरच्या, कोथिंबीर, बांधाला झेंडू. सासऱ्यांनी मळा मोडला नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, "सगळ्यायनं कापूसच पेरला तं मानसं खातीन काय?" घरचे, म्हणजे माझे धनी, रोज पहाटे भाजी घेऊन अकोल्याच्या बाजारात जात. मी, सासरे आणि मांडीवरचं पोर, एवढेच दिवसभर मळ्यात.

माहेरी न जाण्याला एक कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझे बाबा मला न्यायला गाडी घेऊन आले. नेमकी मिरची तोडणीला आली होती आणि मजूर सगळे कापूस वेचायला गेलेले. सासरे व्याह्यांना म्हणाले, "औंदा नाई जमत, इवाई. पुढच्या साली पाहू."

बाबांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी न पिता खाली ठेवला. "मंग मीही पुढच्याच साली पानी पेईन," म्हणाले आणि बैल जुंपून आल्या पावली परत गेले. पुढच्या साली ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही साली नाहीत. अंजनगावकडे जाणाऱ्या गाडीवानाकडे मी दोनदा निरोप दिला, पण उत्तर आलं नाही. निरोप पोचला की नाही, हेही कळलं नाही.

मग त्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्या गावात इंग्रज सरकारची, मुलूख मोजणारी छावणी आली.

गावाच्या टोकाला जुनी मातीची गढी होती. तिच्यावर कोणी राहत नसे. छावणीच्या लोकांनी गढीच्या माथ्यावर दगडाचा चबुतरा बांधला, वर राहुटी उभी केली आणि तीन माणसांना उचलावं लागेल असं पितळी यंत्र त्या चबुतऱ्यावर नेऊन ठेवलं. त्याला एक दुर्बीण होती आणि खाली रेघा ओढलेलं मोठं चाक. साहेब उंच, उन्हाने लाल झालेला, फारसं न बोलणारा. त्याचा मुन्शी एलिचपूरचा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान. गढीच्या पायथ्यालाच आमचा मळा, तेव्हा छावणीला भाजी आमच्याकडून जायची. ती मी पोचवत असे, आणि मुन्शीजी टोपली हातात घेऊन प्रत्येक वांगं उलटून पाहत. त्यांना बोलायला माणूस हवं असे. साहेब बोलत नाही, आणि बाकीचे दोर ओढणारे.

कार्तिकातली गोष्ट. दुपार कलली होती, मी मिरच्या तोडत होते. पावसाळा संपून हवा धुतल्यासारखी झाली होती आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ स्पष्ट दिसत होती. पाठ ताठ करायला म्हणून मी उभी राहिले, तर त्या निळ्या रेघेवर एक तारा लागला होता.

दिवसाढवळ्या. डोळे चोळून पाहिलं, तरी होता. सुईच्या अग्राएवढा, पण इतका लख्ख की त्याच्याकडे बघताना डोळ्यांत पाणी यावं. मी सासऱ्यांना हाक मारली. त्यांनी कपाळावर हात धरून बराच वेळ पाहिलं आणि हात जोडले. "हे काई आपल्या समजन्यातलं नाई," म्हणाले.

संध्याकाळी घरच्यांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या बाजारात चार जणांना विचारलं. कोणीही तसलं काही पाहिलं नव्हतं. नदीपलीकडच्या वस्तीवरच्या लोकांनीसुद्धा नाही. बाजारात लोक हसले. घरचे परत येऊन म्हणाले, "उन्हात काम करून राहिली तू, डोक्यावर पदर घेत जाय." पण दुपार कलली आणि तारा पुन्हा लागला.

मी टोपली घेऊन गढी चढले.

"मुन्शीजी, तो डोंगरावरचा तारा तुमचा हाये काय?"

म्हातारा हसला. "तारा नव्हे, बेटी. आरसा आहे. तिकडे डोंगरावर आमचा माणूस बसला आहे. तो सूरज आरशात धरतो आणि आमच्याकडे फेकतो. साहेब दुर्बिणीतून तो ठिपका पाहतो आणि कोन मोजतो."

"मंग पलीकडच्या वस्तीले काहून नाई दिसत?"

"कारण तो त्यांच्यासाठी नाही. आरशातून निघतो तेव्हा उजेड ताटाएवढा असतो. वीस कोस चालून इथे येईपर्यंत पसरतो, तरी पाव कोसापेक्षा जास्त रुंद होत नाही. ही गढी आणि तुझा मळा, बस. त्याच्या बाहेर उभं राहिलेल्याला काही नाही."

मी खाली आमच्या मळ्याकडे पाहिलं. मिरचीचे वाफे, मोटेची धाव, झाडाला बांधलेली पोराची झोळी. सगळ्या मुलखात तेवढ्याच तुकड्यावर तो उजेड पडत होता आणि जमिनीवर पाहिलं तर काहीच वेगळं दिसत नव्हतं.

"कोनता डोंगर?"

"अंजनगावच्या वरचा."

मी वळून पुन्हा त्या निळ्या रेघेकडे पाहिलं. म्हाताऱ्याला काही कळलं असावं. त्यांनी टोपली बाजूला ठेवली. मी म्हटलं, "तथी माहं माहेर हाये."

त्यानंतर भाजी पोचवायला मला जास्त वेळ लागू लागला. मुन्शीजी समजावून सांगत. न चालता अंतर कसं मोजायचं, ते त्यांनी मला अंगठ्यावर दाखवलं. हात लांब करून अंगठा धर, एक डोळा मिट, मग दुसरा मिट. अंगठा मागच्या चिंचेवरून बाजूच्या खांबावर उडी मारतो. दोन डोळ्यांमधलं अंतर माहीत असेल आणि उडी किती ते मोजलं, की अंगठा किती लांब ते कळतं. साहेबाचं सगळं काम एवढंच होतं. एक डोळा या गढीवर, एक डोळा दुसऱ्या गढीवर, आणि डोंगरावरच्या ठिपक्याची उडी.

"चंद्रसुद्धा असाच मोजलाय," ते म्हणाले. "फक्त दोन डोळे समुद्राच्या दोन काठांवर ठेवावे लागतात."

"आन् चांदन्या?"

"त्यांना ही सगळी जमीनही पुरत नाही, बेटी. म्हणून सहा महिने थांबतात. सहा महिन्यांत जमीनच सूर्याच्या पलीकडच्या अंगाला जाते. तिथून पुन्हा पाहतात. एवढं करून काही थोड्या तारकांची किंचित उडी सापडली. बाकीच्या जागच्या हलत नाहीत, इतक्या लांब आहेत."

एकदा मी विचारलं, की हा आरशाचा उजेड तिथून निघतो कधी आणि इथे पोचतो कधी. मला वाटत होतं की गाडीला तीन दिवस, घोड्याला एक, तर उजेडाला घटकाभर लागत असेल.

"वीस कोसांना त्याला इतका थोडा वेळ लागतो की तो मोजणारं घड्याळ आमच्या साहेबाकडे नाही. पण वेळ लागतो. सूर्यापासून इथे यायला घटकेचा तिसरा हिस्सा लागतो."

घटकेचा तिसरा हिस्सा म्हणजे किती, ते मी मळ्यात येऊन मोजलं. सासरे मोट हाकत होते. बैल धावेवरून उतरत, मोट वर येऊन पाटात रिकामी होई, बैल उलटे चढत. आठ मोटा. म्हणजे आत्ता माझ्या हातावर पडलेलं ऊन सूर्यावरून निघालं तेव्हा मिरचीचा हा वाफा कोरडा होता. मी ओल्या वाफ्याच्या काठावर बसून राहिले. सासरे म्हणाले, "काय पाऊन राहिली वं?" मी सांगितलं. त्यांनी बैल थांबवले, सूर्याकडे पाहिलं, मग बैलांकडे. "आठ मोटा," ते स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा बैल हाकले.

डोंगरावर कोण बसतं, हे मी मुन्शीजींना विचारलं होतं. त्यांना ठाऊक नव्हतं. तिकडची माणसं तिकडच्याच गावांतून घेतलेली. दर आठवड्याला छावणीचा जासूद, म्हणजे निरोप्या, कागद घेऊन त्या डोंगरावर जाई, त्याला त्यांनी विचारायला सांगितलं. आठ दिवसांनी तो परत आला. आरशावर एक म्हातारा आहे, म्हणाला. अंजनगावचा, पानमळेवाला. औंदा त्याच्या वेली रोगाने गेल्या, म्हणून आला. जवान पोरं सगळी कापसाच्या गाड्यांवर गेली, तेव्हा साहेबाच्या माणसांनी म्हाताऱ्यालाच ठेवून घेतलं. आणि डोंगरावर त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही, असंही म्हणाला. सूर्य सरकेल तसा आरसा केसभर सरकवत राहावा लागतो. बाकीचे कंटाळतात. हा कंटाळत नाही.

पानाची वेल वाढवणाऱ्या माणसाला काय कंटाळा येणार. मी विचारलं, "त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली हाये काय?"

जासूद म्हणाला, "हो."

महिनाभर मी ज्या उजेडाकडे बघत होते, तो माझे बाबा माझ्यावर टाकत होते, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. त्यांच्या लेखी खाली वीस कोसांवर एक गढी होती, बस. आमच्या गावाचं नाव त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काही कारणही नव्हतं.

पुढच्या कागदाबरोबर मुन्शीजींनी जासुदाकडे तोंडी निरोप दिला. तुमचा उजेड तुमच्या लेकीच्या मळ्यावर पडतो. नातू झाला आहे. लेक रोज पाहते.

जासूद गेला त्याच्या पाचव्या दिवशीची दुपार मला आठवते. दिवसाचं काम संपलं की गढीवरून आमच्या बाजूचा आरसा डोंगराकडे चमकवत, आता बस, अशी ती खूण. तिकडून एकदा उजेड झाकून उत्तर येई आणि तारा विझे. त्या दिवशी तो विझला नाही. झाकला, पुन्हा उघडला. झाकला, उघडला. मी पोराला कडेवर घेऊन वाफ्यात उभी होते. उन्हं पिवळी झाली तरी तो तसाच, झाकतोय, उघडतोय, जणू डोळा भरून आल्यावर माणूस पापण्या मिटतो तसा. मग सूर्य खाली गेला आणि डोंगर नुसता निळा राहिला.

दुसऱ्या दिवशी मुन्शीजींनी मला गढीवर बोलावलं. साहेब तिथेच होता. त्यांनी त्याच्याशी काही बोलणं केलं. साहेबाने माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि दोन शब्द बोलला.

"साहेब म्हणतो, कापड उचल, पण आरशाला हात लावू नको."

आरसा डोंगरावर नेम धरून तयार होता. वर काळं कापड. मी ते उचललं. काहीच झालं नाही, नुसता एक आरसा उन्हात चमकला. पण बाबांपर्यंत तो पोचला, कारण तिकडचा तारा लगेच एकदा झाकला गेला. मी कापड टाकलं, पुन्हा उचललं. त्यांनीही तसंच केलं. असं आम्ही बराच वेळ बोललो. काय बोललो ते मला सांगता येणार नाही.

मार्गशीर्ष संपता संपता तारा यायचा थांबला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. हवा स्वच्छ होती, धुकं नव्हतं. साहेब आठवडाभरासाठी अकोल्याला गेला होता, मुन्शीजी त्याच्याबरोबर. छावणीतल्या दोर ओढणाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. डोंगरावरचा ताप वाईट असतो, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. मी मिरच्या तोडायला जायची आणि रिकामी टोपली घेऊन उभी राहायची.

पाचव्या दिवशी सकाळी घरचे भाजी गाडीत भरत होते. सासरे आले आणि भरलेली टोपली खाली उतरवू लागले.

"काय करून राहिले, बाबा? बाजार हाये आज," घरचे म्हणाले.

"बाजार उद्याही हाये. भाजी डोक्यावर घेऊन जाय." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोराले पांघरून घे. तुह्या बापाकडे जाऊन येऊ."

तीन दिवस आम्ही चाललो. समोरून कापसाच्या गाड्या येत आणि आमची गाडी एकटीच उलट्या दिशेने. पूर्णेच्या उतारावर पाणी बैलांच्या पोटाला लागलं. सासरे वाटेत एकदाच म्हणाले, "तो दिवस मिरचीचा नसता तं बरं झालं असतं."

अंजनगावला मायने सांगितलं, की ताप नाही, काही नाही, बरे आहेत, डोंगरावरच आहेत. ती एवढं बोलली आणि मग पोराला घेऊन जी आत गेली ती बाहेरच येईना. तिची हौस पुरी व्हावी म्हणून आम्ही पोराला तिच्याजवळच राहू दिलं आणि दुसऱ्या दिवशी मी आणि सासरे दोघंच वर गेलो. सागाच्या वाळक्या पानांतून वाट होती. माथ्यावर बांबूची खोप, आणि तिच्यापुढे तीन पायांच्या तिकाटण्यावर आरसा. बाबा आमच्याकडे पाठ करून बसले होते. आरशाचं तोंड आमच्या गावाकडे नव्हतं. ते पूर्वेला, अमरावतीच्या अंगाला वळलेलं होतं.

म्हणजे उजेड थांबला नव्हता. आमच्या गढीवरून या डोंगराचं काम संपलं आणि त्यांनी आरसा दुसऱ्या गढीकडे फिरवला, एवढंच झालं होतं. हे साहेब आम्हाला कशाला सांगेल.

पाचोळा वाजला. बाबांनी मान वळवली नाही. "कोन हाये?"

"मी हाये, बाबा."

त्यांच्या खांद्याची हालचाल थांबली. मग बोटाने त्यांनी आरसा केसभर सरकवला. "बस जराशी," म्हणाले. "पलीकडचे साहेब पाऊन राहिले. आता हालता येत नाई."

मी त्यांच्या मागे दगडावर बसले. तीन वर्षांनी बाप भेटला होता आणि मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. फाटक्या कानाची पाळी, मानेवरच्या सुरकुत्या, आरशाच्या कडेवर ठेवलेलं पानाच्या देठासारखं वाळलेलं बोट. खाली सगळं वऱ्हाड पसरलं होतं. नदीची एक रेघ, धुराचे चार-दोन धागे, आणि पुढे सगळं दुधाळ. आमचं गाव त्या दुधात कुठे तरी होतं. मी शोधलं नाही. मला तिथे बसून फार गाढ, शांत वाटत होतं, दुपारच्या झोपेतून अर्धवट जाग आल्यासारखं.

"पोरगं कोठी हाये?" बाबांनी विचारलं, समोरच बघत.

"मायजवळ."

"कोनावर गेलं?"

"तुमच्यावर. हट्टी हाये."

ते हसले ते पाठीवरून कळलं. मी विचारलं, "खाली कोन पाहत असंन आता हा उजेड?"

"असंन कोनी. आपल्याले थोडंच दिसते."

सासरे खोपीतून पाण्याचा तांब्या घेऊन आले. बाबांच्या उजव्या बाजूला, हाताला लागेल असा ठेवून ते दोन पावलं मागे सरले. "इवाई," म्हणाले, "पानी घ्या."

बाबांनी एक हात आरशावरच ठेवला, दुसऱ्याने तांब्या उचलला आणि सगळं पाणी प्यायले. मग रिकामा तांब्या तसाच मागे धरला. सासऱ्यांनी तो घेतला. पूर्वेकडून काम संपल्याची खूण आली, बाबांनी कापड टाकलं आणि तेव्हा कुठे ते मागे वळले.

मी पंधरा दिवस माहेरी राहिले. सासरे दोनच दिवस राहणार होते, ते आठ दिवस राहिले. बाबा सुट्टी काढून खाली आले आणि दोघं म्हातारे सुकलेल्या पानमळ्यात फिरून, वेली कशा पुन्हा लावायच्या यावर भांडत बसले. छावणी फाल्गुनात उठून गेली. मुन्शीजी जाताना मला इतकंच सांगून गेले, की मोजलेल्या तारकांत सगळ्यात जवळची जी आहे ती वैशाखात निजानीज झाल्यावर दक्षिणेला, अगदी जमिनीजवळ दिसते. तिचा उजेड यायला तीन-चार वर्षं लागतात.

वैशाखात मी ती शोधली. बाभळींच्या शेंड्यावर, थोडी पिवळसर. तो उजेड निघाला तेव्हा मी अंजनगावला असेन, हळदीच्या अंगाने मायच्या मांडीवर रडत. तो उजेड सगळी वाट चालत होता आणि मी इकडे भाजी तोडत होते, पोराला पाजत होते, बाबांवर रुसत होते. मी सासऱ्यांना ती दाखवली. त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "इच्यापरीस बाप जवळ हाये तुहा. दिवाळीले जात जाय."

त्यानंतर मी दर दिवाळीला माहेरी जाऊ लागले. पुढे लेक झाली, आणि तिच्या पाटीवर मी लिहायला शिकले. बाबांच्या वेली दुसऱ्या वर्षी वर चढल्या. मग अकोल्याला आगगाडी आली. एका पौषात बाबा आम्हाला न कळवता घरून निघाले. सरळ दक्षिणेला आमच्याकडे यायचं सोडून ते आधी उलटे अमरावतीला गेले, तिथून बडनेऱ्याला, आणि आगगाडीत बसून अकोल्याला उतरले. साध्या गाडीने तीन दिवसांत आले असते. असे त्यांना पाच दिवस लागले. ओल्या फडक्यात बांधलेली पानं निम्मी पिवळी पडली होती. सासऱ्यांनी विचारलं, एवढा वळसा कशाला घेतला? बाबा हात धुऊन पाटावर बसले आणि त्यांनी आगगाडीचं सांगायला सुरुवात केली. जेवणं झाली, ताटं उचलली, तरी ते सांगतच होते, आणि सासरे पिवळ्या पानांतून हिरवी निवडून बाजूला काढत, मधे मधे "मंग?" म्हणत ऐकत होते.